रद्द करणे रद्द करायचे काय?

लातूरच्या कोर्टात ॲडव्होकेट लुंबिनी सोनकांबळे यांच्याशी कुणी सहज वाद घालत नाही. वाद घालणं हा ज्यांचा धंदा आहे तेसुद्धा घालत नाहीत. ताईंची जीभ तिखट आहे हे खरं, पण तिखट जिभा आमच्या वकिलांच्या बारमध्ये पोत्यानं सापडतील. ताईंचं दुखणं वेगळं. त्या समोरच्याचं वाक्य पकडतात. तुम्ही म्हणालात, "सदर बाब विचारात घेण्यात यावी अशी विनंती करण्यात येते," की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "कोण करतंय विनंती? तुम्हीच ना? मग 'मी विनंती करतो' म्हणायला लाज वाटते का?" एका सरकारी वकिलानं त्यांच्या धास्तीनं आपला अर्ज साध्या मराठीत लिहून आणला होता. ताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "आता कळलं, तुमच्या अर्जात काहीच नव्हतं."

माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून आहे. मी शिवमूर्ती, जमिनीच्या वाटण्यांची कामं करणारा दिवाणी वकील. आम्ही एकमेकांचा चहा पितो आणि एकमेकांविरुद्ध उभेही राहतो. ही हकीकत अशाच एका वेळची आहे. तेव्हा मी त्यांच्या विरुद्ध बाजूला होतो, आणि माझा अशील जिंकला होता. तरी कोर्टात ती अजून ताईंच्या नावानं सांगितली जाते, याचा मला थोडा रागच आहे.

ताई मूळच्या जळकोटकडच्या. वडील नरसिंग रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. ताई चौथीत असताना कसल्याशा दाखल्यासाठी ते त्यांना तालुक्याच्या एका कचेरीत घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनानं वर न बघता सांगितलं, "भिंतीवर लिहिलंय. वाच." नरसिंगरावांनी लेकीला पुढं केलं. ताईंनी तो भला मोठा बोर्ड न अडखळता वाचला. सदरहू प्रकरणी अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्ज यथास्थिती संबंधितांकडे सादर करावा, असं काहीतरी होतं. शाळेत पहिला नंबर काढणारी पोरगी ती, एक काना चुकली नाही. वडिलांनी विचारलं, "म्हंजी काय करायचं ग बाई?" आणि ताईंना सांगता येईना. कारकून हसला.

"त्या दिवशी मला कळलं," ताई एकदा म्हणाल्या होत्या, "काही लिहिणं लोकांना आत घ्यायला असतं आणि काही बाहेर ठेवायला."

पुढं त्या उदगीरला शिकल्या, नांदेडला कायदा शिकल्या आणि लातूरला येऊन वकिली करू लागल्या. पंचवीसेक वर्षं त्यांचं सगळं टायपिंग माणिकप्पा नावाचा टायपिस्ट करत असे. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली त्याचं टेबल होतं. आधी मशीन होतं, मग संगणक आला, पण ताईंना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या उभ्यानं बोलायच्या आणि तो टाइप करायचा. मग माणिकप्पाचे डोळे अधू झाले आणि तो नांदेडला मुलाकडं राहायला गेला. दुसरा टायपिस्ट ताईंच्या तोंडापुढं टिकेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मीच करते. त्यात काय मोठंसं." आणि औसा रोडवर पंचाक्षरीच्या दुकानात गेल्या.

हा पंचाक्षरी मुरुडचा. इंजिनियर झाला, बाहेर मोठ्या नोकऱ्या केल्या आणि कंटाळून परत आला. माणूस सरळ. गिऱ्हाइकाला फसवणार नाही, खराब माल देणार नाही. फक्त त्याला गिऱ्हाईक आवडत नाही. दुकानात समोरच पाटी: "आधी वाचा, मग विचारा." तो संगणकात सगळ्यांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम घालून देतो आणि त्याबद्दल त्याला देवळातल्या पुजाऱ्याइतका अभिमान आहे. त्या सिस्टिमबरोबर तो एक जाडजूड पुस्तिका देतो, स्पायरल बांधलेली, त्यानं स्वतः मराठीत लिहिलेली. दुकानात आलेला माणूस "हे कसं चालू करायचं?" असं म्हणाला, की पंचाक्षरी त्याच्याकडं अशा नजरेनं बघतो की बिचाऱ्याला आपण आंघोळ न करता आलो की काय असं वाटावं.

ताईंनाही ती नजर मिळाली. नंतर त्यांनीच मला सगळं सांगितलं.

"मॅडम, ही पुस्तिका आधी पूर्ण वाचा. मगच हात लावा."

"मी पंखा घेतला तेव्हा दुकानदारानं पुस्तक दिलं नव्हतं."

"पंख्याला एक बटन असतं."

"आणि फ्रीजला?"

"फ्रीज थंड करतो, मॅडम, बस. संगणक काय काय करतो याची तुम्हाला कल्पना नाही."

"मला त्यानं काय काय करायला नको आहे. मला टाइप करायचंय, छापायचंय आणि ठेवायचंय. एवढ्यासाठी एवढं पुस्तक?"

"लोकांना सगळं आयतं पाहिजे," पंचाक्षरी म्हणाला.

एरवी ताई तिथून उठून आल्या असत्या. पण त्यानं पडदा चालू करून दाखवला आणि त्यावर सगळं मराठीत आलं. फाईल, छपाई, शोध, सगळं. ताई हरखल्या. यंत्र घेऊन आल्या. पुस्तिका त्यांनी चेंबरच्या खिडकीत ठेवली, कारण ती खिडकी वाऱ्यानं सारखी आपटायची. जाडजूड असल्यानं पुस्तिकेनं ते काम चोख केलं.

महिनाभर बरं चाललं. दोन बोटांनी का होईना, ताई टाइप करू लागल्या. मग लक्ष्मीबाईचं अपील आलं.

लक्ष्मीबाई रेणापूरकडची. बाप वारल्यावर भावांनी जमीन आपापल्या नावावर करून घेतली आणि बहिणीला लुगडं दिलं. खालच्या कोर्टात ती हरली. वरच्या कोर्टात अपील करायचं तर मुदत असते, आणि लक्ष्मीबाई ताईंकडं आली तेव्हा बरीचशी मुदत निघून गेली होती. ताईंनी रेकॉर्ड वाचलं, मुद्दे काढले आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून टाइप करत बसल्या. लक्ष्मीबाई समोर बाकावर बसून होती. दुपार कलली तेव्हा शेवटचा परिच्छेद राहिला होता.

त्या घाईत ताईंचा हात कुठल्यातरी दोन-तीन कळांवर एकदम पडला आणि पडद्यावरचं सगळं गेलं. अपील नाही, फाईल नाही, काही नाही. नुसता स्वच्छ निळा पडदा.

त्यांनी मला हाक मारली. मी गेलो. मी स्वतः यंत्राची माहितीपत्रकं वाचणारा माणूस आहे. मिक्सर घेतला तरी वाचतो. पण माझा संगणक वेगळ्या सिस्टिमचा, त्यामुळं मीही त्या निळ्या पडद्याकडं नुसता बघत राहिलो. ताईंनी पंचाक्षरीला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"सगळं गेलं. पडदा मोकळा आहे."

"गेलं नाही मॅडम. पुस्तिका उघडा. पडद्यांचं प्रकरण आहे बघा."

"माझी आज मुदत संपते. कुठली कळ दाबू ते सांगा."

"ते सांगायला मला अर्धा मिनिट लागेल," पंचाक्षरी म्हणाला. "पण मी सांगितलं तर तुम्ही कधीच वाचणार नाही. प्रत्येकाला मी असा फोनवर किती दिवस सांगू?"

ताईंनी फोन ठेवला. मी खिडकीतली पुस्तिका काढायला गेलो, तोवर त्यांनी यंत्राचं बटन दाबून ते बंद केलं होतं आणि पुन्हा चालू केलं होतं.

आता इथं काय झालं होतं ते सांगतो, कारण आम्हाला ते नंतर कळलं. त्या सिस्टिममध्ये एकामागं एक असे चार पडदे असतात. ताईंच्या हातानं चुकून दुसरा पडदा पुढं आला होता आणि अपील पहिल्यावर सुखरूप होतं. बंद करण्याचं कारणच नव्हतं. पण तरीही सगळं गेलं नव्हतं. लिहिलेलं यंत्रानं आपणहून कुठंतरी धरून ठेवलं होतं आणि चालू होताना त्यानं ताईंना विचारलं. चौकट आली. चौकटीत लिहिलं होतं:

"अपूर्ण दस्तऐवज रद्द करणे रद्द करायचे काय?"

खाली दोन बटनं. "होय" आणि "रद्द करा".

ताईंनी ते वाचलं. मीही वाचलं. लक्ष्मीबाईनं विचारलं, "काय म्हणतंय?" आम्ही दोघं वकील, दोघांचं मिळून आयुष्य कायद्याची वाक्यं सोडवण्यात गेलेलं. ताई म्हणाल्या, "रद्द होऊ द्यायचं नाही. म्हणजे रद्द करणं रद्द." आणि त्यांनी "रद्द करा" दाबलं.

अपील गेलं. या वेळी खरंच गेलं.

लक्ष्मीबाईनं यंत्राकडं बघितलं. मग म्हणाली, "ताई, तुमचं मशीन बी माझ्या भावावानीच हाय. इचारतंय बी आन् ऐकत बी न्हाई."

ताईंनी कागद ओढला आणि हातानं लिहायला घेतलं. पण अपील म्हणजे काही दोन ओळींचा अर्ज नाही. लिहून होईस्तोवर कचेरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी अपील दाखल केलं तेव्हा सोबत विलंब माफीचा अर्ज होता आणि त्यात ताईंचं स्वतःचं शपथपत्र. त्यात त्यांनी घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, चौकटीतल्या वाक्यासह. भावांचा वकील म्हणाला, "हल्ली माणसं आजारी पडत नाहीत, संगणक पडतात." न्यायाधीशांनी चौकटीतलं ते वाक्य शपथपत्रात वाचलं, पुन्हा वाचलं आणि विलंब माफ केला. अपील दाखल झालं, ते अजून चालू आहे.

दुसरं कुणी असतं तर विषय तिथं संपला असता. ताईंनी पंचाक्षरीवर ग्राहक आयोगात तक्रार टाकली.

तक्रार अशी होती: मला विकलेली वस्तू पुस्तक वाचल्याशिवाय वापरता येत नाही, आणि पुस्तक वाचल्याशिवाय वापरता न येणारा घरगुती वापराचा संगणक ही सदोष वस्तू आहे.

पंचाक्षरी माझ्याकडं आला. "अप्पा, तुम्ही माझं वकीलपत्र घ्या. तुम्ही त्यांच्या शेजारी बसता, तुम्हाला सगळं माहीत आहे." शेजारी बसतो म्हणूनच घेऊ नये, असं म्हणणारे होते. मी ताईंना विचारलं. "घ्या की," त्या म्हणाल्या. "निदान समोर कुणीतरी वाचणारा असेल."

सुनावणीच्या आधी आमचा चहावर बराच वाद झाला. मी त्यांना म्हणालो, "ताई, तुमचा मुद्दा टिकणार नाही. मोटार चालवायला शिकावं लागतं. शिवणयंत्र शिकावं लागतं. भाकरी थापायला शिकावं लागतं. मग संगणकच तेवढा शिकल्याशिवाय यावा, हा कुठला हट्ट?"

"शिकायला मी तयार आहे," ताई म्हणाल्या. "भाकरी थापताना चुकली तर ती मोडते, आणि मोडली हे दिसतं. मोटारीचा ब्रेक एकदा पायाला सापडला की जन्मभर तिथंच राहतो. हे यंत्र काय करतं? सगळं लपवतं, मग लपवलेलं कुठं आहे ते पुस्तकात लिहितं, आणि वर म्हणतं तुम्ही आळशी. ब्रेक दाबल्यावर तुमची मोटार विचारते का, न थांबणे थांबवायचे काय?"

"पण हजारो लोक वापरतात ना?"

"हजारो लोक कचेरीतल्या खिडकीपुढं पण उभे राहतात, शिवमूर्तीभाऊ. त्यावरनं खिडकी चांगली ठरत नाही."

तारखेच्या दिवशी व्हरांड्यात पंचाक्षरी आणि ताई समोरासमोर आले. पंचाक्षरी आधीच चिडलेला होता. बोलून गेला, "मॅडम, एक विचारतो. शिका म्हणून ज्या समाजाला सांगितलं गेलं, त्या समाजातल्या तुम्ही. आणि तुम्हीच म्हणताय, आम्ही वाचणार नाही?"

मी त्याचा दंड धरला, पण शब्द निघून गेला होता.

ताई हळू आवाजात बोलल्या. तो आवाज मी त्यांच्या तोंडून क्वचित ऐकलाय. "वाचलं म्हणून तर मी इथं उभी आहे. माझ्या आईनं, कोंडाबाईनं, मला रॉकेलच्या दिव्यात वाचायला बसवलं, तिला स्वतःला एक अक्षर येत नसताना. पण आमच्या लोकांना फार पिढ्या हेच सांगितलं गेलं, पंचाक्षरी. आत सगळं आहे, फक्त पोथी आली पाहिजे. आणि पोथी कुणी लिहिली? जे आधीच आत होते त्यांनी. शिका म्हणून सांगणाऱ्यानं दारं उघडायला सांगितलं होतं. दाराला नवी कुलुपं करून किल्ल्यांची पुस्तकं छापायला नाही."

पंचाक्षरीनं मान खाली घातली. माफी मागितली नाही, पण नंतर तो ताईंच्या नजरेला नजर देत नव्हता.

आयोगात उलटतपासणी सहसा होत नाही, शपथपत्रांवर काम भागतं. ताईंनी अर्ज करून ती मागून घेतली. आणि त्या पंचाक्षरीपुढं उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात ती पुस्तिका होती. खिडकीतली. तिला वाऱ्यानं आणि पावसानं पोक आलं होतं, आणि आतमध्ये सगळीकडं तांबड्या पेनाच्या खुणा होत्या. ती वाचायची गरज नसावी हे सिद्ध करायला ताईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. माझी खात्री आहे, लातूर जिल्ह्यात ती पूर्ण वाचणारा दुसरा माणूस नाही. गिऱ्हाइकांपैकी कुणी वाचली नव्हती, आणि मीही, त्याचा वकील असून, वरवरच चाळली होती.

"ही पुस्तिका तुम्ही लिहिली?"

"हो."

"आणि पडद्यावरचं मराठी? ते कुणी केलं?"

पंचाक्षरी ताठ झाला. "मीच केलं. बहुतेक सगळं. कुणी पैसे दिले नाहीत. चार-पाच वर्षं रोज बसून केलं."

हे मला ठाऊक नव्हतं. अशिलानं आपल्याला काय सांगितलं नाही, हे वकिलाला नेहमी उलटतपासणीतच कळतं.

ताई म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा. 'अपूर्ण दस्तऐवज रद्द करणे रद्द करायचे काय?' मला दस्तऐवज ठेवायचा आहे. काय दाबू?"

"होय दाबायचं."

"आणि 'रद्द करा' म्हणजे?"

"रद्द करा म्हणजे... नाही."

"मराठीत 'नाही' हा शब्द आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"मूळ इंग्रजीत तसं होतं."

"पुढं. तुमच्या पुस्तिकेत छपाईच्या प्रकरणात 'रद्द करा' दाबलं की छपाई थांबते. बरोबर? म्हणजे तिथं 'रद्द करा' म्हणजे 'हो, थांबव'. आणि फाईल पुसायच्या प्रकरणात 'रद्द करा' दाबलं की पुसणं थांबतं. म्हणजे तिथं 'नको'. आता मला सांगा, फाईल पुसताना चौकट आली, 'पुसणे थांबवणे रद्द करायचे काय?' ही चौकटही तुमचीच आहे. मला फाईल पुसायची आहे. काय दाबू?"

डोळे वर नेऊन पंचाक्षरी मनात काहीतरी जुळवत होता. आयोगाचे अध्यक्ष पुढं वाकले. ते स्वतः निवृत्त न्यायाधीश. त्यांनीही ओठांत वाक्य म्हणून बघितलं आणि मान हलवली.

"सांगा की," ताई म्हणाल्या.

"एक मिनिट," पंचाक्षरी म्हणाला. "पुस्तिका बघून सांगतो."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, मग सगळेच. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला, पण त्यांचंही तोंड रुमालाआड होतं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तिका पंचाक्षरीपुढं सरकवली आणि खाली बसल्या.

तरीही मी जिंकलो. ताईंनी यंत्र धंद्यासाठी घेतलं म्हणून त्या ग्राहकच नाहीत, हा माझा पहिला मुद्दा अध्यक्षांनी उडवून लावला. पण दुसरा टिकला. दुकानदारानं पुस्तिका दिली होती, ती आधी वाचायला सांगितलं होतं, यंत्रात बिघाड नव्हता. वस्तू वापरायला अवघड आहे म्हणून ती कायद्यानं सदोष ठरत नाही, असं म्हणून आयोगानं तक्रार फेटाळली. शेवटी एक ओळ होती की अशी वाक्यं सुधारावीत ही अपेक्षा. अपेक्षेला कायद्यात काय किंमत असते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"अभिनंदन," ताई म्हणाल्या. "अवघड म्हणजे सदोष नाही. आता हे बोर्ड करून सगळ्या कचेऱ्यांत लावा."

मला वाटलं आता पंचाक्षरी आठवडाभर पेढे वाटत फिरेल. त्यानं दुकानच उघडलं नाही. तीन-चार दिवसांनी तो ताईंच्या चेंबरमध्ये आला. मी शेजारच्या टेबलावर होतो.

तो बसला नाही. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळ्यांसमोर माझं हसं केलंत. ठीक आहे, वाक्य वाईट होतं. पण मला एक सांगा. हे मराठी करायला मी कुणाकुणाला विनवलं. प्राध्यापकांना, वकिलांना, साहित्य संमेलनं भरवणाऱ्यांना. एकानं एक ओळ लिहून दिली नाही. सगळे म्हणाले, इंग्रजीतच बरं आहे. मी एकटा बसलो. मला कळलं तसं केलं. आता तुम्ही शिव्या देताय. शिव्या द्यायला सगळे येतात."

ताईंनी टेबलावरचे कागद इकडचे तिकडं केले.

"त्या दिवशी फोनवर सांगितलं का नाहीस?" त्या म्हणाल्या. आवाज मऊ नव्हता, पण 'तुम्ही'चा 'तू' झाला होता.

"चुकलं ते," पंचाक्षरी म्हणाला. "लक्ष्मीबाईंची मुदत होती हे मला नंतर कळलं."

"मी सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"बस."

तेव्हापासून शनिवारी कोर्ट सुटल्यावर ते दोघं ताईंच्या चेंबरमध्ये बसू लागले. पंचाक्षरी पडद्यावरची वाक्यं एकेक वाचायचा आणि ताई ती फाडायच्या. दोघांच्या तोंडी एकमेकांबद्दल चांगला शब्द नसायचा. "हे मराठी आहे की पंचनामा?" ताई म्हणायच्या. "तुम्हाला यंत्राच्या आत काय चालतं याचा गंध नाही," पंचाक्षरी म्हणायचा. बाहेर बाकावर बसलेल्या अशिलाला ताई आत बोलवायच्या, वाक्य दाखवायच्या आणि विचारायच्या, काय दाबाल? तो अडखळला की वाक्य गेलं. पंचाक्षरीचा त्यावर फार आक्षेप होता. "उद्या रस्त्यावरच्या म्हशीला विचारा," तो म्हणाला. एकदा लक्ष्मीबाई तारखेला आली होती. तिला अक्षरं जेमतेम लागतात, तेव्हा ताईंनी तिला नवी चौकट वाचून दाखवली: "लिहिलेलं ठेवायचं का? ठेवा. टाका."

लक्ष्मीबाई म्हणाली, "ठिवा की. टाकायला कुणी लिहितंय व्हय?"

पंचाक्षरीनं ते वाक्य पाठवलं. कुठंतरी दूर त्या सिस्टिमच्या मराठीची तपासणी करणारी मंडळी आहेत. त्यांनी निम्म्याहून जास्त वाक्यं परत केली. शेरा होता की भाषा प्रमाण नाही, बोलीचा प्रभाव जाणवतो. 'ठेवा' परत आलं, त्याऐवजी 'जतन करा' सुचवलं होतं. ताईंनी तो शेरा वाचून जे उत्तर लिहिलं ते पंचाक्षरीनं पाठवलं नाही, इतकंच सांगतो. पण त्या चौकटीत 'रद्द करणे रद्द' आता राहिलेलं नाही. 'होय' आणि 'नाही' तरी आले आहेत. बाकीच्यांसाठी भांडण चालू आहे.

माझं मत विचाराल तर मी अजूनही वाचणाराच माणूस आहे. माणसानं यंत्र घेतलं की चार पानं वाचावीत, त्यानं काही बिघडत नाही, असं मला वाटतं. ताईंना मी हे परवा पुन्हा म्हणालो. त्या म्हणाल्या, "वाचा. तुम्हाला वेळ आहे. माझ्या बाकावर सात जण बसलेत."

पंचाक्षरीच्या दुकानातली पाटी अजून तशीच आहे. फोनवर मात्र तो आता कळ सांगतो, कपाळाला आठ्या घालून का होईना. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यानं पुस्तिकेची नवी आवृत्ती काढली. पहिलीच्या पाव हिश्श्याइतकी झाली होती. ताईंनी आधीच बजावलं होतं की आभारात माझं नाव घालू नकोस, कारण अख्खी पुस्तिका नाहीशी झाल्याशिवाय आभार मानण्यासारखं काही घडलेलं नाही. त्यानं ऐकलं नाही. घातलं, आणि तेही चुकीचं घातलं, 'बि'ची 'बी' करून, 'लुंबीनी'. ताईंनी तांबड्या पेनानं ती वेलांटी दुरुस्त केली, पुस्तिका माझ्या टेबलावर आणून टाकली आणि विचारलं, "यावर दावा लागतो का हो?"

मी म्हणालो, लागत नाही. त्या म्हणाल्या, "बघा जरा वाचून," आणि अशिलाला आत बोलावलं.